चित्रकला शिकवते, तरीही फूड बँकेला सूट मागते

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. "रविवारी मुलांना चित्रकला शिकवता आणि नगर परिषदेपुढे जाऊन फूड बँकेला कलेच्या अटीतून वगळा म्हणता, हे कसं?" मंडळाच्या गणपतीत भेटलेल्या दोघातिघांनी तरी मला हे विचारलंच. फूड बँक म्हणजे गरजूंना फुकट अन्न वाटणारी संस्था.

अट अशी आहे. कॅलिफोर्नियातल्या आमच्या शहरात मोठी खासगी इमारत बांधायची, तर बांधकामखर्चाचा एक टक्का येणाऱ्याजाणाऱ्यांना दिसेल अशा कलाकृतीवर घालायचा, किंवा तेवढी रक्कम शहराच्या कलानिधीत भरायची. अमेरिकेत असे नियम जुने आहेत. फिलाडेल्फियाने १९५९ सालीच एक टक्क्याचा कायदा केला. कल्व्हर सिटीत एकाला टेनिस क्लबाच्या जागी घरं बांधायची होती. तो कलेच्या रकमेविरुद्ध कोर्टात गेला, आणि १९९६ साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ती अट योग्य ठरवली. मला तो निकाल मनापासून पटतो. शहरामुळे जागेला भाव येतो, बांधणारा नफा कमावतो, त्यातलं थोडं त्याने रस्त्यावरच्या माणसाला द्यावं.

पण फूड बँक काय विकते? १९६७ साली फिनिक्समध्ये जॉन व्हॅन हेंगेल यांनी पहिली फूड बँक काढली, ती दुकानांतून टाकून दिलं जाणारं चांगलं अन्न गोळा करून वाटायला. आजही काम तेच. मी शनिवारी आमच्या शहरातल्या फूड बँकेत कांदे-बटाटे निवडून पिशव्या भरते. ती इमारत म्हणजे गोदाम: ट्रक लागायचे धक्के, फोर्कलिफ्टच्या वाटा, आणि सगळ्यात महाग म्हणजे शीतगृह. दूध, अंडी, भाजी घ्यायची तर ते मोठं हवं. आणि ते मोठं केलं की बांधकामखर्च वाढतो, त्याबरोबर कलेची रक्कमही. दोन कोटी डॉलरच्या गोदामावर दोन लाख डॉलर. हे पैसे लोकांनी अन्नासाठी दिलेले असतात.

"आधी पोटोबा, मग विठोबा" असं मी म्हणेन, असं काहींना वाटतं. नाही, मी ते म्हणत नाही. पिशवी घ्यायला रांगेत उभ्या राहिलेल्या आईलाही सुंदर भिंत बघायचा हक्क आहे, आणि तिच्या मुलाला तर जास्तच. माझं म्हणणं एवढंच, की त्या भिंतीचे पैसे तिच्या पिशवीतून जाऊ नयेत.

आज फूड बँक, उद्या मोठी रुग्णालयं आणि विद्यापीठंही सूट मागतील, ही भीती खरी आहे. म्हणून सूट अगदी नेमकी असावी: अन्न फुकट वाटणाऱ्या संस्थेलाच, आणि ते काम चालू आहे तोवरच. उद्या गोदाम विकलं किंवा भाड्याने दिलं, तर राहिलेली रक्कम वसूल करावी.

आणि कलानिधीत इतर बिल्डरांनी भरलेले पैसे आहेतच की! त्यातून एखाद्या चित्रकाराला, फुकट राबवून न घेता पूर्ण मानधन देऊन, गोदामाची पुढची भिंत रंगवायला द्यावी. रांग त्याच भिंतीला लागून असते.