‘नाही’चे बटण दाबण्यापूर्वी

बडोद्यात, दांडिया बाजारात, आमच्या शेजारी राहणाऱ्या मुलीला, गर्दीतली एखादी वस्तू नजर कशी शोधते यावरच्या मानसशास्त्राच्या पदव्युत्तर प्रबंधासाठी, साठीच्या आसपासची निरोगी माणसे हवी होती. पक्षाघात, डोक्याला मोठी इजा, झोपेच्या गोळ्या यांची चौकशी करून तिने माझे नाव यादीत घातले. “काका, ही बुद्धीची परीक्षा नाही आणि यातून आजाराचे निदानही होत नाही,” हे तिने संमतीपत्र हाती देतानाच सांगितले, ते बरे झाले. कारण आमच्या वयाच्या माणसाला संगणकासमोर बसवून वेळ मोजायला घेतली की त्याच्या मनात विस्मरणाच्या आजाराची शंका आल्याशिवाय राहत नाही.

प्रथम दृष्टी तपासली आणि ठिपक्यांतले आकडे ओळखण्याची इशिहारा चाचणी घेतली, कारण लाल-हिरव्यातला फरक न दिसणाऱ्याचे पुढचे सगळे आकडे निरुपयोगी ठरले असते. नंतर हनुवटी एका आधारावर टेकवून पडद्यापासून ५७ सेंटीमीटरवर बसायचे होते. या अंतरावर पडद्यावरचा एक सेंटीमीटर डोळ्याशी सुमारे एक अंशाचा कोन करतो, म्हणून प्रयोगशाळांना ते सोयीचे पडते. दुहेरी भिंगाच्या चष्म्याला मात्र ते मुळीच सोयीचे नाही: वाचायचे भिंग खाली आणि मान तर उचलता येत नाही. संगणकाचा वेगळा चष्मा घरून मागवल्यावरच काम सुरू झाले.

पडद्याच्या मध्यावरील फुलीवर नजर ठेवायची, चित्र उमटले की ठरलेली आकृती आहे की नाही ते पाहून दोनपैकी एक बटण दाबायचे, एवढेच काम. हिरव्या रेघांतली एकटी लाल रेघ शोधावी लागतच नाही, ती आपणहून दिसते. भोवती चार रेघा असोत की चाळीस, वेळ जवळपास तेवढाच लागतो. पण लाल आडव्या आणि हिरव्या उभ्या रेघांच्या गर्दीतली लाल उभी रेघ काढायची म्हटली की गर्दीबरोबर वेळही वाढत जातो. अ‍ॅन ट्रीझमन आणि गॅरी गेलाड या मानसशास्त्रज्ञांनी १९८० साली यावरूनच असे मांडले की रंग आणि दिशा यांची सांगड घालायला अवधान लागते.

मला खरे जड गेले ते ‘नाही’ म्हणणे. रेघ सापडली की शोध संपतो. न सापडली तर तो कुठे थांबवायचा हे आपणच ठरवायचे असते. बँकेत ताळा न जुळणारी नोंद शोधताना हीच पंचाईत व्हायची. रेघा वाढत जातात तसा वेळ किती वाढतो याचा माझाच आलेख तिने मला दाखवला, त्यात ‘नाही’ची रेषा ‘आहे’च्या रेषेपेक्षा बरीच तिरकस चढलेली होती. असलेली वस्तू सरासरीने निम्म्या वाटेवर सापडते, नसलेलीसाठी सगळे पाहावे लागते, म्हणून हा चढ साधारण दुप्पट येतो, असा याचा जुना आणि सरळ खुलासा आहे. मात्र एकेक वस्तू ओळीने न तपासणारी यंत्रणाही अशाच रेषा देऊ शकते, ही पुस्ती तिने प्रामाणिकपणे जोडली.

एका फेरीत शोधायची आकृती फारच क्वचित येत होती आणि माझे बोट पाहता पाहता ‘नाही’वरच विसावू लागले. दृष्टीचे संशोधक जेरेमी वुल्फ आणि सहकाऱ्यांनी २००५ साली दाखवले होते की लक्ष्य निम्म्या चित्रांत असेल तर सुमारे ७ टक्के वेळा नजरेतून सुटते, आणि शंभरात एकदाच असेल तर सुमारे ३० टक्के वेळा. विमानतळावरील सामानाची तपासणी किंवा कर्करोगासाठीची क्ष-किरण चित्रे पाहणाऱ्यांचे काम याच दुसऱ्या प्रकारचे असते.

कागदावरची चाचणी त्यामानाने लवकर आटोपली: १ ते २५ आकडे क्रमाने जोडायचे, मग आकडा आणि इंग्रजी अक्षर आलटून पालटून. गुजराती अक्षरे मला अधिक सोपी गेली असती, परंतु अक्षरे बदलली की तयार मापदंड लावता येत नाहीत.

माझा एक आक्षेप मात्र राहिला. “लवकर आणि अचूक” अशी सूचना होती, आणि दोन्ही एकदम साधत नाही. वयस्कर माणसे बहुधा अचूकपणाकडे झुकतात. तेव्हा त्यांचा जादा वेळ म्हणजे सगळा मंदपणाच, असे धरता येणार नाही. तिला हे ठाऊक होते, म्हणूनच तिच्या तक्त्यात प्रत्येकाच्या वेळेशेजारी त्याच्या चुकांचाही रकाना आहे.