काळ्या वाळूवरचा पहिला डिटेक्टर: आतापर्यंतची प्रगती

रत्नागिरीला दोन समुद्र आहेत, असे इथली माणसे सहज बोलून जातात. भगवती किल्ल्याच्या एका अंगाला मिऱ्याकडचा पांढरा समुद्र आणि दुसऱ्या अंगाला मांडवीचा काळा समुद्र. नावे अर्थातच वाळूवरून पडलेली आहेत. पर्यटकांसाठी हा फरक छायाचित्रापुरता असतो. पण वाळूत हरवलेली नाणी आणि दागिने शोधण्यासाठी किनाऱ्यावर मेटल डिटेक्टर चालवू पाहणाऱ्याच्या दृष्टीने ही दोन निराळी मैदाने आहेत, आणि पहिले यंत्र कोणते घ्यावे याचे उत्तरही याच वाळूत दडलेले आहे. मांडवीपासून मालगुंडपर्यंत आणि खाली पूर्णगडपर्यंतच्या पट्ट्यात इल्मेनाइटचे, म्हणजे लोह आणि टायटॅनियम यांच्या खनिजाचे कण वाळूत मिसळलेले आहेत. ताकदीचे लोहचुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून ओल्या वाळूवरून फिरवले की पिशवीवर काळ्या कणांची लव उभी राहते. इतके लोहयुक्त खनिज असलेल्या आणि शिवाय खाऱ्या पाण्याने भिजलेल्या जमिनीवर काम करणे ही या छंदातली सर्वांत अवघड परीक्षा समजली जाते, आणि आपल्या नशिबी ती पहिल्याच इयत्तेत येते.

यंत्र निवडताना जो अभ्यास केला त्याचे सार आधी देतो. बाजारातले बहुतेक प्राथमिक डिटेक्टर एकाच वारंवारतेवर चालतात. जमिनीवरून फिरवायच्या तबकडीतल्या कॉइलमधून, म्हणजे तारेच्या वेटोळ्यातून, सेकंदाला काही हजार वेळा दिशा बदलणारा प्रवाह जातो, त्याच्या चुंबकीय क्षेत्रामुळे जमिनीतल्या धातूत भोवऱ्यासारखे गोल फिरणारे विजेचे प्रवाह (भोवरा-प्रवाह) निर्माण होतात आणि त्यांचा प्रतिसाद दुसरी कॉइल टिपते. हा प्रतिसाद किती मागे रेंगाळतो यावरून यंत्र धातूचा अंदाज बांधते आणि पडद्यावर आकडा दाखवते. काळी वाळू जवळजवळ न रेंगाळता, पण मोठ्याने प्रतिसाद देते. खारे पाणी क्षीण वाहक असल्यामुळे पातळ वर्खासारखे भासते. एका वारंवारतेवरचे यंत्र जमिनीचा समतोल साधताना, म्हणजे जमिनीचा स्वतःचा आवाज दाबताना, यांपैकी एकालाच गप्प बसवू शकते. दुसरे मग कानात ओरडत राहते. अनेक वारंवारता एकाच वेळी वापरणाऱ्या यंत्राला मात्र दोहोंतला फरक कळतो, कारण वारंवारता वाढवली की खाऱ्या पाण्याचा प्रतिसाद वाढतो आणि खनिजाचा जवळपास होता तेवढाच राहतो. कोरड्या पांढऱ्या वाळूपुरतेच फिरायचे असेल तर गॅरेट एस ३०० किंवा नोक्ता सिंप्लेक्स यांसारखे एका वारंवारतेचे यंत्र पुरेसे आहे, आणि पैसेही वाचतात. ओहोटीच्या ओल्या पट्ट्यात उतरायचे असेल तर माझ्या मते काटकसर इथे करू नये.

तिसरा पर्याय पल्स इंडक्शन यंत्रांचा, म्हणजे प्रवाहाचे तुटक ठोके सोडून मधल्या शांततेत धातूचा प्रतिसाद ऐकणाऱ्या यंत्रांचा. त्यांना खारे पाणी आणि काळी वाळू यांचे फारसे सोयरसुतक नसते आणि खोलीही चांगली मिळते, म्हणून जगभरचे कसलेले किनारा-शोधक ती वापरतात. मात्र लोखंड कोणते आणि सोने कोणते, हे ती यंत्रे धडपणे सांगत नाहीत. मांडवीला गणेशविसर्जन होते. मखरांचे लहानमोठे खिळे, तारा आणि सजावटीचे पत्रे यांचा सडा पडलेल्या वाळूत प्रत्येक आवाजाला खोदत बसणे नवशिक्याच्या उत्साहाला परवडणारे नाही. तेव्हा पल्स यंत्राचा विचार बाजूला ठेवला.

शेवटी अनेक वारंवारतांवर चालणारे मिनलॅब इक्विनॉक्स ६०० घेतले. ही मालिका २०१८ मध्ये आली. तिच्या पुढच्या आवृत्त्याही आता आहेत, पण शिकण्यासाठी हे यंत्र भरपूर आहे. वजन सव्वा किलोच्या थोडे वर आहे, सोबत ११ इंची कॉइल येते आणि यंत्र ३ मीटर पाण्यापर्यंत सुरक्षित आहे. किनाऱ्यासाठी त्यात स्वतंत्र मोड आहे. नोक्ता लेजंड हेही याच तोडीचे यंत्र आहे. दोहोंपैकी ज्याचा सुटा भाग आणि दुरुस्ती आपल्या गावाजवळ मिळेल ते घ्यावे, यापलीकडे मी भेद करणार नाही. यंत्राइतकाच महत्त्वाचा ठरला तो स्कूप, म्हणजे वाळू उपसून चाळणारे भोकांचे फावडे. रत्नागिरीतल्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडून स्टेनलेस स्टीलचा करून घेतला. त्याला ८ मिलिमीटरची भोके पाडली, म्हणजे अंगठी अडकते आणि वाळू गळते. चमकी किंवा मोरणी यांतून निसटणार हे उघड आहे. पण भोके त्याहून बारीक ठेवली तर ओली वाळू गळतच नाही आणि दर खेपेस दोनचार किलोचा गोळा उचलून हात भरून येतात.

शिकण्याची सुरुवात पांढऱ्या समुद्रावर, कोरड्या वाळूत केली. तिथे यंत्र शांत असते, त्यामुळे कानाला प्रत्येक आवाजाची ओळख वेगळी करून घेता येते. क्रम असा ठेवला: प्रथम आजूबाजूच्या विजेच्या तारा आणि मोबाइल मनोरे यांचा गोंगाट टाळणारी वाहिनी यंत्राला निवडू द्यायची, मग कॉइल जमिनीकडे वरखाली हलवत समतोल साधायचा, आणि त्यानंतरच संवेदनशीलता वाढवायची. पुष्कळ जण सुरुवातच संवेदनशीलता शिगेला नेऊन करतात. २५ पैकी २५ ठेवले म्हणजे खोलवरचे दिसेल, हा समज मांडवीच्या ओल्या वाळूत तासाभरात गळून पडतो. तिथे १६ ते १८ वर ठेवलेले शांत यंत्र जे दाखवते ते २३ वर कुरकुरणारे यंत्र दाखवत नाही, कारण खोलवरचा बारीक आवाज त्या कुरकुरीत बुडून जातो.

कॉइल फिरवण्याबद्दल दोन गोष्टी. एक, झोक्याच्या दोन्ही टोकांना हात नकळत वर उचलला जातो आणि खाऱ्या वाळूत कॉइल वर-खाली झाली की खोटा आवाज येतो. म्हणून झोका आखूड आणि जमिनीला समांतर हवा. दुसरी, कॉइल आणि तिचे प्लास्टिकचे संरक्षक आवरण यांच्यामध्ये काळी वाळू साचते. एका सकाळी यंत्र काही केल्या स्थिर होईना, तेव्हा आवरण काढून पाहिले तर आत कडेने नखाएवढ्या जाडीचा ओला काळा थर बसला होता. गोड्या पाण्याने धुतल्यावर यंत्र पूर्ववत झाले. आता घरी आल्यावर आवरण काढून सगळे गोड्या पाण्यात विसळणे हा नेमच झाला आहे.

आता नाण्यांविषयी, कारण इथे अमेरिकन आणि ब्रिटिश मार्गदर्शन आपल्याला सरळ चुकीच्या वाटेने नेते. त्यांचा पहिला सल्ला असतो की लोखंडाचे आकडे बंद करून टाका. आपली १९९२ पासूनची एक रुपयाची नाणी फेरिटिक स्टेनलेस स्टीलची, म्हणजे लोहचुंबकाला चिकटणारी आहेत. पुढे दोन रुपयांचे नाणेही त्याच धातूत आले. लोखंड बंद केलेल्या यंत्राला ही नाणी एक तर दिसत नाहीत, किंवा चपट्या गोल आकारामुळे आकडा लोखंडापासून वरच्या टोकापर्यंत उड्या मारतो. आर्थिकदृष्ट्या यात फार नुकसान नाही, हे खरे. पण गर्दी नेमकी कुठे बसते-उठते हे सांगणारी सर्वांत विश्वासू खूण म्हणजे ही नाणी, आणि तीच हातची जाते. म्हणून मी सगळे धातू ऐकू येतील अशा स्थितीत फिरतो आणि निवड कानाने करतो. याउलट पूर्वीची दोन आणि पाच रुपयांची जाड नाणी ताम्र-निकेलची आहेत. या मिश्रधातूची वाहकता कमी असल्यामुळे ती आकड्यांच्या पट्टीच्या खालच्या-मधल्या भागात, स्थिर आणि गोल आवाजात बोलतात. गंमत अशी की सोन्याच्या पुष्कळशा अंगठ्याही त्याच भागात येतात. ज्याने तो आवाज सोडला त्याने पाचाचे नाणे सोडले की अंगठी, हे त्याला कधीच कळणार नाही.

दागिन्यांच्या बाबतीतही आपले गणित वेगळे आहे. परदेशी आकडे १० आणि १४ कॅरटच्या अंगठ्यांवरून काढलेले असतात. आपल्याकडे २२ कॅरटचा प्रघात आहे आणि शुद्धता जास्त म्हणून त्याच मापाची अंगठी थोडा वरचा आकडा दाखवते. चांदीची जोडवी मोठ्याने आणि उंच सुरात वाजतात, ती ओळखायला सोपी. सर्वांत कठीण म्हणजे बारीक साखळी. यंत्राला अख्खी साखळी दिसत नाही, एकेक कडी दिसते, आणि एका कडीत भोवरा-प्रवाह फिरायला जागाच नसते. मंगळसूत्र हरवले असेल तर यंत्र त्यातल्या वाट्या शोधते, सर नव्हे, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवावे. घरच्या परसात कुंडीभर मांडवीची वाळू आणून, खाऱ्या पाण्याने भिजवून, त्यात आईची जोडवी, वेगवेगळी नाणी आणि एक जुनी वाटी निरनिराळ्या खोलीवर पुरून मी आकड्यांची वही केली. (जोडवी परत मोजून घेतली गेली, हे सांगायला नको.)

कचऱ्यात बाटल्यांची बुचे आणि गोळ्यांच्या पाकिटांचे वर्ख सगळीकडचेच आहेत. खास कोकणी कचरा म्हणजे जाळ्यांना लावलेले शिशाचे मणी. त्यांचा आवाज इतका नितळ आणि सोन्याच्या इतका जवळचा येतो की खोदल्याखेरीज इलाज नाही. ते मी डब्यात साठवतो आणि जाळी विणणाऱ्या एका शेजाऱ्याला देतो. त्याच्या उपयोगी पडतात आणि किनाऱ्यावरच्या ‘हा बाबा काय शोधतोय’ या प्रश्नाचे उत्तरही त्याच्याकडून परस्पर गावभर जाते.

वेळ साधण्यासाठी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले सूत्र आहे: तिथीला पाऊणपट करावे म्हणजे पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. सूत्र मुंबईला चांगले जुळते. रत्नागिरीस भरती त्याच्या थोडी आधी येते. अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमारास दुपारी आणि मध्यरात्री भरती असते, म्हणजे उधाणाची खोल ओहोटी नेमकी पहाटे आणि संध्याकाळी मिळते. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक सर्वांत कमी असतो तेव्हा, पाणी फार मागे हटत नाही, तेव्हा तो दिवस यंत्र धुण्यापुसण्यात घालवलेला बरा. ओहोटी लागल्यावर पाण्याच्या मागोमाग उतरायचे आणि पाणी वळायच्या आत वर यायचे. पावसाळ्यात लाटा वाळू ओढून नेतात, किनारा खरवडला जातो आणि जड वस्तू ज्या शिंपल्यांच्या किंवा घट्ट मातीच्या थरावर जाऊन बसलेल्या असतात तो थर उघडा पडतो. त्यामुळे नारळी पौर्णिमेनंतर समुद्र निवळू लागला की दिवाळीत वाळू परत भरण्यापूर्वीचे आठवडे सर्वोत्तम. विसर्जनानंतरच्या दिवसांत मात्र मी यंत्र घेऊन जात नाही. समुद्राला वाहिलेले नाणे उचलू नये, असे मला वाटते. ज्याला वाटत नाही त्याच्याशी वाद घालणार नाही.

कायद्याची बाजू या छंदात शेवटी बोलली जाते, ती खरे तर यंत्र घेण्याआधी वाचायला हवी. १८७८ चा निखात निधीविषयक कायदा आजही लागू आहे. जमिनीत दडलेली १० रुपयांपेक्षा अधिक मोलाची ठेव सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे बंधनकारक आहे. दहा रुपये ही मर्यादा त्या काळची आहे, तेव्हा चांदीचे एक जुने नाणेही आज तिच्या पुढे जाते. १०० वर्षांहून जुन्या वस्तूंना १९७२ चा पुरावस्तू कायदा लागतो. सिंधुदुर्ग, विजयदुर्ग यांसारख्या संरक्षित किल्ल्यांच्या पायथ्याशी तर यंत्र पिशवीतूनही काढू नये. कालपरवा हरवलेली अंगठी सापडली तरी ती सापडणाऱ्याची होत नाही. मालकाचा शोध घेण्याची जबाबदारी येते आणि ती स्वतःकडे दाबून ठेवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ खाली गुन्हा ठरू शकतो. मी सापडलेल्या दागिन्याचे छायाचित्र कधीच पसरवत नाही. विचारणाऱ्याने वर्णन सांगावे, मग दाखवावे. शिवाय १९९३ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या शेखाडीला मुंबई बॉम्बस्फोटांसाठीची स्फोटके उतरली तेव्हापासून कोकणचा किनारा सावध आहे. पहाटे हेडफोन लावून वाळू उकरणाऱ्या माणसाबद्दल पोलीस ठाण्यात फोन गेला तर दोष फोन करणाऱ्याचा नाही. नव्या किनाऱ्यावर जाण्यापूर्वी ग्रामपंचायतीत आणि पोलीस ठाण्यात सांगून ठेवणे हाच शहाणपणा.

कासवांचेही भान हवे. वेळास, आंजर्ले, गुहागर, मालगुंड, गावखडी इथे हिवाळ्यापासून ऑलिव्ह रिडले अंडी घालायला येतात आणि घरटी भरतीरेषेच्या वरच्या कोरड्या वाळूत, हातभर खोल असतात. नोव्हेंबर ते मे या काळात त्या पट्ट्यात मी यंत्र चालवतच नाही, ओल्या वाळूतच राहतो. तिथेही खड्डा लगेच बुजवतो.

सध्याची स्थिती अशी की पांढऱ्या समुद्रावर खोदण्याआधी वस्तू काय असेल याचा अंदाज बहुतेक वेळा बरोबर येतो. मांडवीला अजून बुचे आणि एक रुपयाची नाणी यांत गफलत होते, कारण दोन्ही पत्र्यासारखी चपटी आणि दोन्ही लोहयुक्त आहेत. त्यावर एक उपाय करून पाहतो आहे: आवाज मिळाला की नव्वद अंशांत वळून दुसऱ्या दिशेने कॉइल फिरवायची, मग ती हळूहळू मागे ओढत आवाज कुठे तुटतो ते ऐकायचे. बुचाच्या वाकलेल्या दातेरी कडेमुळे शेवटी खरखर उमटते, नाण्याचा आवाज बराच स्वच्छ तुटतो. हे कोरड्या वाळूत जमते. ओल्या काळ्या वाळूत जमते की नाही ते येत्या अमावास्येच्या ओहोटीला, संवेदनशीलता आणखी दोन घरे खाली आणून, तपासायचे आहे.