'मी' म्हणजे लेखक नव्हे

आज दिवसभर नवोदितांच्या कथा वाचल्या. गोष्टी बऱ्या आहेत, घोळ आहे तो निवेदकाचा, म्हणजे कथा सांगणाऱ्याचा.

कथेत 'मी' दिसला की तो लेखकच, असं धरून चालू नका. 'मी' हेही पात्रच. ते हातचं राखून सांगेल, चक्क खोटंही बोलेल. त्याला जे कळलं तेवढंच कथेत येणार. तृतीयपुरुषी, म्हणजे 'तो', 'ती' म्हणत केलेल्या निवेदनात मात्र मुख्य दोन वाटा: सर्वज्ञ निवेदक कुणाच्याही मनात शिरतो, मर्यादित निवेदक एकाच पात्राला चिकटून राहतो. आता हे बघा:

'सुमनने दार उघडलं. तिच्या छातीत धस्स झालं. ती घाबरलीय हे दिनकरने ओळखलं.'

दुसरं वाक्य सुमनच्या मनातलं, तिसरं दिनकरच्या. निवेदन सुमनपुरतं मर्यादित असेल तर वाचक इथेच अडखळतो. त्याऐवजी 'दिनकर तिच्याकडे बघतच राहिला' असं लिहा. सुमनला एवढंच दिसणार ना!

कथानकातही असाच घोळ होतो. 'नोकरी गेली, मग घर विकलं' हा नुसता घटनाक्रम. 'नोकरी गेल्याचं लपवायला कर्ज काढलं, ते फेडायला घर विकलं' हे कथानक, कारण आता एका घटनेतून दुसरी निघते. कच्च्या खर्ड्यातला प्रत्येक 'मग' काढून तिथे 'म्हणून' किंवा 'पण' बसतं का बघा. बसत नसेल तर तो प्रसंग बहुधा उपरा आहे.

विषय आणि आशयसूत्र यांतही गल्लत होते. 'लोभ' हा विषय. लोभाबद्दल कथा काय म्हणते, ते आशयसूत्र. ते सांगायला अख्खं वाक्य लागतं. प्रतीकांबद्दल पुन्हा केव्हातरी, तो वेगळाच पसारा आहे.