गडग्यालगतची माती

बेळगाव शहराची हद्द संपली की भूमिगत गटारही संपते आणि तिथून पुढे प्रत्येक घराचे सांडपाणी त्याच घराच्या परड्यात जिरवावे लागते. ती जमीन पाणी किती पिते हे तपासून देणे माझ्या कामाचा एक भाग आहे. हिंडलगा-उचगावच्या बाजूला तांबडी माती असल्याने तिकडे बहुधा निभावून जाते. येळ्ळूर-वडगावच्या शिवारात मात्र भाताची काळी चिकण जमीन आहे, आणि तिथे शोषखड्डा कितीही खोल घेतला तरी पावसाळ्यात तो उलटा भरून येतो. कंत्राटदारांना हे चांगले ठाऊक असते, तरीही जेसीबी बोलावून दहा फुटांचा खड्डा मारला जातो, कारण खड्ड्याचे बिल लावता येते आणि माती तपासण्याचे लावता येत नाही.

यंदाच्या उन्हाळ्यात याच काळ्या मातीच्या पट्ट्यातील एका गावात मला बोलावले होते. जुन्या कौलारू घरामागे दोन नव्या खोल्या आणि संडास-बाथरूम बांधायचे होते. मालक उद्यमबागेत एका फौंड्रीत कामाला आहेत. परड्याच्या टोकाला दगडी गडगा, त्याच्या पलीकडे चुलतभावाचे घर, आणि गडग्यापासून थोड्या अंतरावर दोन्ही घरांची सामाईक विहीर होती. मी पोहोचलो तेव्हा मिस्त्रीने जमिनीच्या भेगेत घागरभर पाणी ओतून दाखवले आणि म्हणाला, "बघा साहेब, जमीन कशी घटाघटा पितीया." काळी जमीन उन्हाळ्यात खोलवर भेगाळते आणि त्या भेगांतून पाणी दिसेनासे होते. पहिल्या पावसात माती फुगून भेगा मिटल्या की तीच जमीन थेंबभरही पाणी घेत नाही. म्हणूनच तपासणीसाठी जमिनीत घेतलेले भोक रात्रभर पाण्याने भरून ठेवून दुसऱ्या दिवशी त्यातले पाणी किती वेळात उतरते याची मोजणी करायची असते, आणि हे इतके साधे असूनही आमच्या भागात फार थोडे लोक करतात.

हे भोक घ्यायला मी हाताने फिरवायचा ऑगर वापरतो. खाली दोन पात्यांची पोलादी वाटी, वर जोडत जायच्या मीटरभर लांबीच्या नळ्या आणि सगळ्यात वर आडवी मूठ, एवढेच ते अवजार आहे. नवा माणूस त्यावर जोर लावतो, पण खरे तर अंगाचा भार देऊन सावकाश फिरवायचे असते. वीतभर खाली गेले की थांबायचे, अर्धा फेरा उलटा देऊन माती सोडवायची, आणि गुडघ्यांतून उठत वाटी वर घ्यायची. हाव धरून वाटी ठासून भरली तर ओली चिकण माती तिला अशी धरून बसते की दोघांनाही ती उपसत नाही. प्रत्येक वाटीतली माती खुरप्याने काढून गोणपाटावर खोलीच्या क्रमाने मांडायची आणि चिमूटभर ओली करून अंगठ्याने दाबत तिची पट्टी निघते का, म्हणजे ती किती चिकण आहे, ते पाहायचे. आणखी एक गोष्ट पुष्कळ जण सोडून देतात. चिकण मातीत ऑगर फिरला की भोकाच्या भिंती घोटल्यासारख्या गुळगुळीत होतात आणि त्यांतून पाणी झिरपत नाही, म्हणून खिळे ठोकलेली काठी आत घालून त्या ओरबाडून घ्याव्या लागतात. जेसीबीच्या खड्ड्यात यातले काहीच कळत नाही, कारण सगळ्या थरांचा तिथे एकच ढीग झालेला असतो.

पहिल्या भोकात साधारण चार फुटांवर राखाडी मातीत तांबूस-नारिंगी ठिपके आणि मुळांच्या जागी तशाच रेघा लागल्या. भोक कोरडे होते, पण असे ठिपके वर्षातला काही काळ पाणी तिथवर चढते आणि मग उतरते याचीच खूण असते. मी काही बोलण्याआधी ओट्यावर बसलेल्या आजी म्हणाल्या, "श्रावणात विहिरीला दोर लागत न्हाई बाबा, वाकून कळशी बुडवायची." दुसऱ्या दिवशीची मोजणीही तेच सांगत होती. पाणी अडीच सेंटीमीटर उतरायला 60 मिनिटांहून जास्त वेळ लागला तर आपल्या मानकांनुसार ती जमीन सांडपाणी जिरवायला चालत नाही, आणि इथे तासाभरात पातळी जेमतेम हलली होती. शोषखड्डा नको, बंद टाकी घ्या आणि तिच्यापुढे खडीचा फिल्टर बांधा, असे मी सांगितले. मालकांनी ते समजूतदारपणे मान्यही केले.

खरा प्रश्न शेवटच्या भोकात निघाला. विहीर आणि गडगा यांच्यामध्ये मी ते घेतले होते. चार फुटांखाली वाटीतून जी माती आली, तिच्यात शाईसारख्या काळ्या रेघा होत्या आणि सडक्या अंड्याचा वास होता. हवा न मिळता मैलापाणी मातीत मुरत राहिले की असा रंग आणि असा वास येतो. मालकांचा संडास अजून बांधलेलाच नव्हता. गडग्याला लागून पलीकडे चुलतभावाची टाकी होती आणि टेप लावली तर तिथून विहीर सात मीटर भरली. पिण्याच्या पाण्यापासून निदान 18 मीटर अंतर राखावे असा दंडक आहे.

चुलतभाऊ संध्याकाळी कामावरून आले. तोवर गोणपाटावरच्या त्या रेघा हवेने फिकट होऊन तपकिरी पडल्या होत्या आणि वासही उडाला होता. या मातीचे असेच असते. तिची साक्ष काही तासच टिकते. "ही तर नुसती माती हाय. आमच्या टाकीचं नाव कशाला घेतासा?" असे ते म्हणाले. तुमच्यासमोर आत्ता पुन्हा भोक घेऊन दाखवतो, असे मी म्हटले आणि माझ्या मदतनिसाने नळी जोडलीसुद्धा, पण त्यांनी गडग्याला हात लावू दिला नाही. मालकांनीही मला बाजूला घेऊन सांगितले, "सर, वाटणी आत्ता कुठं मिटलीया. पुन्हा भाऊबंदकी नको."

मी गावोगावी वापरतात तशा पाणी तपासायच्या दोन बाटल्या आजींकडे दिल्या, एक या घरासाठी आणि एक त्या घरासाठी. दोन दिवसांत या घरची बाटली काळी झाली, म्हणजे विहिरीत मैल्याचे जंतू आहेत असे धरून चालावे लागते. या घरात आता पाणी उकळून पितात. दुसरी बाटली आजींनी गडग्यावरून दिली, पण ती भरलीच गेली नाही. विहीर तीच आहे आणि त्या घरात लहान मुले आहेत.

आमच्या अहवालाच्या नमुन्यात फक्त अर्जदाराच्या जागेचे रकाने असतात. शेजारच्या टाकीचे पाणी कुठे जाते हे विचारणारा रकाना त्यात नाही, आणि तो असता तर निदान मला कुणाच्या घरात शिरल्यासारखे झाले नसते. शेवटच्या भोकातली माती, तिची खोली, वेळ नोंदलेले छायाचित्र आणि मैलापाणी जागेबाहेरून येत असल्याचे एक वाक्य मी शेरा म्हणून लिहिले. मालकांना बांधकाम परवान्यासाठी अहवाल हवा आहे, पण ते वाक्य नको आहे. मी ते काढणार नाही, हे त्यांना सांगितले आहे. अहवालाची प्रत चुलतभावांना मी स्वतः नेऊन द्यावी, की गावातल्या आशाताईंमार्फत दोन्ही घरांत पाण्याचा विषय निघावा, हे अजून ठरत नाही. ठरवायला फार वेळही नाही, कारण पाऊस लागला की पातळी त्या थराच्या वर चढेल आणि आज थोडे थोडे झिरपणारे पाणी सरळ विहिरीत उतरेल.