तुम्ही विचारलंत म्हणून: भाकरी मोडत का नाही?

घरी जेवायला आलेल्यांपैकी कोणी ना कोणी, विशेषतः नव्याने स्वयंपाकाला लागलेली मुले-मुली, मला हमखास विचारतात की तुमची ज्वारीची भाकरी थापताना मोडत कशी नाही आणि दर वेळी फुगते कशी. काही जण "तुमच्या हातालाच वळण आहे" असे म्हणून विषय संपवतात. पण तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर सांगते. भाकरी चांगली होणार की नाही, हे ती थापायला घेण्याच्या पुष्कळ आधी ठरलेले असते. हे मला आईने शिकवले, आणि तिने शिकवण्याचा जो क्रम ठेवला होता त्यातच त्याचे उत्तर आहे.

आमचे गाव मंगळवेढ्याच्या बाजूचे. काळी, ओल धरून ठेवणारी जमीन आणि तिच्यात रब्बीला येणारी मालदांडी ज्वारी, हे त्या भागाचे वैभव. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. त्यामुळे आईचा पहिला धडा धान्याचा होता. ज्वारी सुपात घेऊन पाखडायची, निवडायची आणि आठवड्याला पुरेल एवढीच दळून आणायची. गिरणीत "ज्वारीवरच ज्वारी घाला" असे सांगायला ती मला मुद्दाम पाठवत असे, कारण आधी डाळ किंवा मका दळला असेल तर त्याचे पीठ आपल्यात उतरते. पीठ जुने झाले की त्याचा चिकटपणा कमी होतो, चव कडवट होते आणि भाकरीला कडेने चिरा पडतात. बाजारातले पाकीट किती महिन्यांपूर्वी दळले आहे हे न पाहता स्वतःच्या हाताला दोष देणाऱ्या मुली मी पाहते, तेव्हा मला खरोखर वाईट वाटते.

दुसरा धडा पाण्याचा, आणि माझ्या मते सगळे मर्म इथेच आहे. गव्हाच्या कणकेला ताणून धरणारे जे ग्लूटेन असते, ते ज्वारीत नाही. म्हणून पिठातल्या पिष्टालाच फुलवून चिकट करावे लागते आणि ते काम उकळते पाणी करते. मी घाई करू लागले की आई म्हणायची, "आधणाला उकळी फुटू दे गं, पीठ कुठं पळून जात नाही." परातीत पीठ घेऊन मध्ये आळे करायचे, त्यात हे पाणी थोडे ओतून उलथन्याने कालवायचे आणि हाताला सोसेल एवढे निवले की मळायला घ्यायचे. पाणी वाटीभर पिठाला वाटीपेक्षा थोडे कमी लागते, पण ते एकदम ओतायचे नाही, कारण नवी ज्वारी कमी पाणी पिते आणि जुनी जास्त.

मळण्याला आई रगडणे म्हणत असे. एका वेळी एका भाकरीपुरताच गोळा घ्यायचा आणि तळव्याच्या मनगटाकडच्या भागाने तो परातीवर पुढे ढकलत, पाण्याचा हात लावत, लोण्यासारखा मऊ होईपर्यंत रगडायचा. मग तो वळून बोटाने किंचित दाबायचा. कडेला भेग पडली तर पुन्हा रगडायचे. मला बरेच दिवस एवढेच काम होते. मी रगडून द्यायची आणि ती थापायची. त्या वेळी मला ते कंटाळवाणे वाटे, परंतु ज्या दिवशी तिने थापायला परात माझ्यापुढे सरकवली, त्या दिवशी शिकायचे फारसे काही उरलेलेच नव्हते, कारण गोळा नीट रगडलेला असला की तो कोरड्या पिठावर हाताखाली आपोआप फिरतो आणि पसरतो.

तव्यावरची गोष्ट थोडक्यात. पिठाची बाजू वर येईल अशी भाकरी टाकायची, लगेच तिच्यावर पाण्याचा हात फिरवायचा आणि ते पाणी सुकत आले की उलटायची. पूर्ण सुकू दिले तर भाकरीला भेगा पडतात आणि फार ओली उलटली तर ती तव्याला चिकटते. दुसरी बाजू शेकली की आई भाकरी चुलीच्या तोंडाशी आरावर उभी करत असे. मी ती गॅसच्या आचेवर धरते आणि ती तशीच टम्म फुगते. भाकरीला कुठे छिद्र नसले की आतल्या वाफेला दुसरा मार्गच राहत नाही.

यानंतरचा प्रश्न बहुधा असतो, "लाटून केली तर चालेल का?" अवश्य चालेल. प्लास्टिकच्या कागदावर लाटा, ओट्यावर थापा, पहिले काही दिवस तळहाताएवढ्या लहान करा. आईनेही मला आधी लहानच करायला लावल्या होत्या, आणि त्या शेंगाचटणी व दह्याबरोबर घरात सगळ्यांनी खाल्ल्या. फक्त पीठ ताजे आणा आणि पाणी खळखळून उकळू द्या.