वल्ह्यावरचा जोडीदार

तीन आठवडे सोबती शोधत होतो. ड्रिफ्ट बोट, म्हणजे प्रवाहाबरोबर वाहत जात मासे धरायची वल्ह्यांची नाव, एकट्याने वल्हवता येते हो, पण मग गळ कधी टाकणार? शिवाय जिथे उतरायचं तिथे दुसरी गाडी लागते. शेवटी शेजारचे सत्तरीचे आजोबा "येतो" म्हणाले.

आज अमेरिकेतल्या मोंटानात मिझुरी नदीवर होल्टर धरणापासून क्रेगपर्यंत, सुमारे 8 मैल. प्रवाहाच्या दिशेला तोंड करून ते उलटं वल्हवत नाव इतकी संथ ठेवायचे, की माझ्या गळाची पिसांची नकली माशी पाण्यावर अगदी खऱ्यासारखी वाहायची. एक रेनबो ट्राउट मासा लागला. हात ओले करून सोडला.

दुपारी वल्ही मी घेतली. दशमी आणि लसणाची चटणी त्यांनी दोनदा मागून खाल्ली. पुढच्या शनिवारी परत जातोय, दोघंच.