तुम्ही विचारलेत म्हणून: गाठीचे नाव मी का लिहीत नाही

‘घामाच्या ग्रंथीची साधी गाठ दिसते, पूर्ण काढून तपासावी’ एवढेच मी सुईच्या तपासणीच्या रिपोर्टमध्ये लिहितो, नेमके नाव का देत नाही, असे सर्जन मंडळी मला वर्षानुवर्षे विचारत आली आहेत. घाबरतो, हे खरे. पण तेवढेच कारण नाही.

२३ गेजच्या बारीक सुईतून गाठीतल्या पेशी येतात, गाठीची कड येत नाही. हायड्रॅडेनोमा (घामाच्या ग्रंथीची कर्करोग नसलेली, साधी गाठ) आणि त्याचा कर्करोगी भाऊबंद यांच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखालच्या काचेवर इतक्या सारख्या दिसू शकतात की आजूबाजूच्या ऊतींत शिरकाव झाला आहे की नाही, हे पाहिल्याशिवाय निवाडा करता येत नाही. वरच्या ओठावरील गाठीतून जिम्सा या पेशी रंगवायच्या रंगात किरमिजी, तंतुमय द्रव्य आले, तर ते त्वचेतील काँड्रॉइड सिरिंगोमाचे (घामाच्या ग्रंथीच्या साध्या गाठीचे) की लाळग्रंथीच्या प्लिओमॉर्फिक ॲडेनोमाचे (तशाच दिसणाऱ्या साध्या गाठीचे), हे काच सांगत नाही. गाठ त्वचेत आहे की तिच्याखाली, हे गाठीला लावलेले बोट सांगते.

एकदा मी बोट लावले नव्हते. पन्नाशीच्या एका बाईंच्या चार काचपट्ट्या बाहेरून आल्या होत्या आणि मागणीपत्रावर ‘डोक्यावर गाठ’ एवढेच शब्द होते. पातळ द्रवात पेशींचे घट्ट पुंजके होते आणि अनेक पेशींचे पेशीद्रव्य धुतल्यासारखे स्वच्छ होते. मूत्रपिंडाचा कर्करोग डोक्याच्या त्वचेत पसरू शकतो आणि त्याच्याही पेशी अशाच दिसतात, हे मला पाठ होते. ‘दुय्यम कर्करोगाची शक्यता, मूळ शोधावे’ असे लिहून मी मोकळा झालो. सोनोग्राफी झाली, सीटी स्कॅन झाला, घरातला साखरपुडा पुढे ढकलला गेला. मूत्रपिंडे निर्दोष निघाली आणि गाठ काढल्यावर तो नोड्युलर हायड्रॅडेनोमा ठरला. गाठ बारा वर्षांची होती, हे मला तेव्हा कळले. जुन्या पट्ट्या पुन्हा लावल्या, तर स्वच्छ पेशींच्या शेजारीच गुलाबी, बहुकोनी पेशींचा दुसरा समूह आणि त्यात बारीक नळ्यांच्या पोकळ्या होत्या. त्या पहिल्या दिवशीही तेथेच होत्या. पट्ट्या न्यायला आलेल्या त्यांच्या यजमानांनी ‘म्हणजे काही नव्हतेच का?’ असे विचारले. ‘होते, पण साधे होते,’ असे मी म्हणालो.

त्या वेळचा मी आजच्या माझ्याशी अजूनही वाद घालतो, की कर्करोग नजरेतून सुटणे याहून वाईट ठरले असते. त्याचे म्हणणे मला खोडता येत नाही. पण फोन करून ‘गाठ किती वर्षांची?’ असे विचारायला दोन मिनिटे लागली असती.

गाठ काढायचीच आहे, तर नावाची घाई कशाला, असा प्रतिप्रश्न मी हल्ली करतो. ‘भोवतीची किती त्वचा घेऊन कापायचे, ते नावावरच ठरते ना, सर?’ असे एक तरुण सर्जन परवा म्हणाला, आणि त्याला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हते.